प्रदेश कोणाचा, बोट कोणाचे?
'प्रादेशिक कादंबरी' या उसन्या पदबंधाविषयी

१

मराठी समीक्षाव्यवहारात काही संज्ञा इतक्या सरावाच्या झाल्या आहेत की त्या वापरणाऱ्याला व्याख्या द्यावीशी वाटत नाही आणि वाचणाराही ती मागत नाही. 'प्रादेशिक कादंबरी' ही अशीच एक संज्ञा. पदव्युत्तर अभ्यासक्रमात ती घटकाचे शीर्षक म्हणून येते, वाङ्मयेतिहासात प्रकरण म्हणून येते, प्रबंधाच्या मुखपृष्ठावर विषय म्हणून येते आणि परीक्षणात कधी गौरव म्हणून, तर कधी सवलत म्हणून येते. श्री. ना. पेंडसे यांची 'गारंबीचा बापू' (१९५२), व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५), गो. नी. दांडेकरांची 'पडघवली' (१९५५) आणि उद्धव शेळके यांची 'धग' (१९६०) या परस्परांशी फारसे साम्य नसलेल्या कलाकृती या एका संज्ञेच्या दावणीला बांधल्या गेल्या, त्याला आता कित्येक दशके उलटली. दावे ढिले झाले आहे, पण ते सोडावे असे कोणाला वाटलेले नाही.

हा पदबंध 'रीजनल नॉव्हेल' या इंग्रजी जोडीचे शब्दशः भाषांतर आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. भाषांतराला आक्षेप असण्याचे कारण नाही. आपल्या समीक्षेची निम्मी परिभाषा अशीच घडली आहे. प्रस्तुत लेखाचा आक्षेप वेगळा आहे. इंग्रजीत ही जोडी कोणत्या संदर्भात वापरली जाते, ती वापरणारा कोठे उभा असतो आणि ती वापरली की कोणते दुसरे शब्द आपोआप हजर होतात, याचा विचार न करता आपण फक्त शब्द आणले. परिणामी, इंग्रजीत जी संज्ञा दोन स्थळांमधील संबंध दाखवते ती मराठीत एखाद्या पुस्तकाचा अंगभूत गुणधर्म बनून बसली. 'धग' प्रादेशिक आहे असे आपण 'धग' शोकात्म आहे या विधानाच्या सुरात म्हणतो. दुसरे विधान कादंबरी वाचून करावे लागते. पहिले ती न वाचताही करता येते. एवढ्यावरूनच या दोन विधानांची जात एक नाही हे ध्यानात यावे.

२

प्रथम इंग्रजीतील वापर पाहू. 'रीजनल' हे विशेषण त्या भाषेत क्वचितच एकटे फिरते. 'रीजनल ऑफिस', 'रीजनल मॅनेजर', 'रीजनल ॲक्सेंट', 'रीजनल व्हेरिएशन' या त्याच्या नेहमीच्या जोड्या. यांपैकी प्रत्येक जोडीच्या पाठीमागे न उच्चारलेली दुसरी जोडी उभी असते. रीजनल ऑफिस म्हटले की हेड ऑफिस अन्यत्र आहे हे गृहीत असते. रीजनल ॲक्सेंट म्हटले की ज्याला ॲक्सेंट नाही असा कोणी वक्ता कल्पिलेला असतो. मराठी बोलणाऱ्या सामान्य माणसाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. 'प्रादेशिक' हा शब्द त्याला सर्वप्रथम भेटतो तो प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या पाटीवर, आणि तेथील धोरण त्या कार्यालयात ठरत नाही हे त्याला पुरते माहीत असते.

कादंबरीच्या संदर्भातही हीच व्यवस्था आहे. टॉमस हार्डीने १८७४ साली 'फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड' या कादंबरीत 'वेसेक्स' हे जुने नाव पुन्हा वापरात आणले आणि पुढे त्या नावाखाली नैर्ऋत्य इंग्लंडचा एक संपूर्ण नकाशा उभा केला. मारिया एजवर्थची 'कॅसल रॅकरेंट' (१८००) आयर्लंडची, अर्नल्ड बेनेटची 'ॲना ऑफ द फाइव्ह टाउन्स' (१९०२) कुंभारकामाच्या कारखान्यांच्या गावांची. यांना 'रीजनल' म्हटले गेले. फिलिस बेंटली या यॉर्कशरच्या कादंबरीकर्त्रीने १९४१ मध्ये 'द इंग्लिश रीजनल नॉव्हेल' हे पुस्तक लिहिले तेव्हा तिच्या मनात ही संज्ञा अभिमानाची होती. परंतु ज्या डिकन्सच्या कादंबऱ्यांतून लंडनच्या गल्ल्या, धुके, न्यायालये आणि तुरुंग वगळले तर फारसे काही उरत नाही, त्याला कोणी 'रीजनल' म्हणत नाही. लंडन हा प्रदेश मानला गेलेला नाही. तो प्रदेश पाहण्याचा सज्जा आहे.

रेमंड विल्यम्स यांनी हे इंग्रजीतच राहून ओळखले होते. त्यांच्या 'कीवर्ड्स' या ग्रंथाच्या १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत ज्या नव्या नोंदी आल्या त्यांत 'रीजनल' आणि 'डायलेक्ट' या दोन आहेत, हा योगायोग नव्हे. 'रीजन' हा शब्द ज्या लॅटिन धातूपासून आला त्याचा अर्थ राज्य करणे, दिशा देणे. पण आधुनिक इंग्रजीत तो ज्यावर राज्य केले जाते अशा दुय्यम भागासाठी स्थिरावला, हा त्यातील ताण. विल्यम्स स्वतः वेल्सच्या सीमेवरील खेड्यातले. त्यांची 'बॉर्डर कंट्री' ही कादंबरी १९६० ची, म्हणजे 'धग'च्याच वर्षीची. तेव्हा ज्या संस्कृतीकडून आपण संज्ञा घेतली तिच्यात तिच्याविषयीचा संशयही उपलब्ध होता. आपण संज्ञा तेवढी घेतली. संशयाची आयात केली नाही.

हिंदीचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. फणीश्वरनाथ रेणू यांनी 'मैला आँचल' (१९५४) प्रसिद्ध करताना भूमिकेत स्वतःच त्या कादंबरीला 'आंचलिक' म्हटले. त्या शब्दाचे पुढे हिंदी समीक्षेने जे केले ते केले. पण नाव देणारा अंचलात उभा होता आणि शब्द इंग्रजीची प्रतिकृती नव्हता. 'आंचल' म्हणजे पदर. तो कोणाच्या तरी अंगावर असतो. आपला 'प्रदेश' मात्र नकाशावर असतो.

३

याच इंग्रजी विशेषणाची दुसरी जोडी आपल्या देशात अधिक प्रचलित आहे : 'रीजनल लँग्वेज'. भारतीय राज्यघटनेच्या सतराव्या भागातील दुसऱ्या प्रकरणाचे, म्हणजे अनुच्छेद ३४५ ते ३४७ यांचे, शीर्षकच 'रीजनल लँग्वेजेस' असे आहे. तेथे संघराज्य आणि राज्ये असा प्रशासकीय भेद अभिप्रेत आहे आणि त्या मर्यादेत तो समजण्याजोगा आहे. परंतु घटनेच्या बाहेर, इंग्रजी वृत्तपत्रांत आणि पुस्तकांच्या दुकानांत, 'रीजनल लिटरेचर', 'रीजनल सिनेमा' अशा जोड्या सर्रास वापरल्या जातात आणि तेथे मराठीत लिहिलेले सर्वच वाङ्मय एका फळीवर जाते. मर्ढेकर, नेमाडे, पेंडसे, शेळके सगळे 'रीजनल'. या वापराने मराठी समीक्षक दुखावतो आणि त्याचे दुखावणे योग्यच आहे. साडेसातशे वर्षांची ग्रंथपरंपरा असलेल्या, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने अभिजात म्हणून मान्य केलेल्या भाषेला 'रीजनल' म्हणणे हे अज्ञानाचे लक्षण आहे असे तो बजावतो.

मग हाच समीक्षक मराठीच्या अंगणात आल्यावर काय करतो? जो शब्द दिल्लीने त्याला लावला म्हणून तो संतापला होता तोच शब्द भाषांतरित करून तो वऱ्हाडला लावतो, कोकणला लावतो, माणदेशाला लावतो. दिल्लीत उभे राहून मराठी प्रादेशिक, पुण्यात उभे राहून वऱ्हाडी प्रादेशिक. दोन्ही ठिकाणी तर्क एक आहे, व्याकरण एक आहे, फक्त उभे राहण्याची जागा बदलली आहे. पहिल्या ठिकाणी जो अन्याय वाटतो तो दुसऱ्या ठिकाणी वर्गीकरण कसा ठरतो, या प्रश्नाचे उत्तर या संज्ञेच्या समर्थकांनी द्यावयास हवे.

येथे आणखी एक विसंगती नोंदवावी लागेल. ज्या साडेसातशे वर्षांचा हवाला आपण देतो त्यांच्या आरंभी 'लीळाचरित्र' आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी ते सिद्ध केले. त्या संकलनाशी आणि महानुभाव पंथाच्या वाङ्मयाशी ज्या रिद्धपूरचे नाते आहे ते अमरावती जिल्ह्यात येते. मराठी भाषा विद्यापीठ तेथे स्थापन झाले तेही याच नात्यामुळे. आजच्या संज्ञाव्यवस्थेने पाहिले तर मराठी गद्याचा आद्य ग्रंथ एका प्रदेशाच्या पदरी पडतो. पण 'लीळाचरित्र' प्रादेशिक गद्य आहे असे म्हणण्याचे धैर्य कोणी करत नाही. ज्या भूमीतील तेराव्या शतकाचे गद्य समस्त मराठीचे, त्याच भूमीतील १९६० ची कादंबरी मात्र त्या भूमीपुरती. मधल्या काळात भूमी हलली नाही, केंद्र हलले.

४

'प्रदेश' या शब्दाच्या पोटात डोकावले तर ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. 'प्र' उपसर्ग आणि 'दिश्' धातू यांपासून तो बनला. दाखवणे, निर्देश करणे हा त्याचा मूलार्थ. 'आदेश', 'उपदेश', 'निर्देश' ही त्याचीच भावंडे. संस्कृतात 'प्रदेशिनी' म्हणजे तर्जनी, ज्या बोटाने आपण दाखवतो ते बोट. म्हणजे प्रदेश तो, ज्याच्याकडे बोट केले आहे. बोट ज्या हाताचे आहे तो हात मात्र निर्देशाबाहेर राहतो. स्वतःकडे बोट करून कोणी 'तिकडे' म्हणत नाही.

व्याकरणाच्या भाषेत बोलायचे तर 'प्रादेशिक' हे विशेषण 'तांबडे' किंवा 'दीर्घ' यांच्या वर्गातले नसून 'इकडचे' आणि 'तिकडचे' यांच्या वर्गातले आहे. त्याचा अर्थ बोलणाऱ्याच्या स्थानावर अवलंबून असतो. ज्या विशेषणाचा अर्थ वक्त्यागणिक बदलतो त्याला वाङ्मयप्रकाराचे नाव देणे म्हणजे 'पलीकडची कादंबरी' नावाचा प्रकार मानण्यासारखे आहे. नदीच्या दोन्ही काठांवर राहणाऱ्यांना असा प्रकार सापडेल. फक्त पुस्तके वेगवेगळी असतील.

ही उतरंड खालपर्यंत नेऊन पाहू. इंग्रजीच्या मंचावरून मराठी 'तिकडची', पुण्यामुंबईच्या व्यासपीठावरून नागपूर 'तिकडचे', नागपुरातील सभागृहातून भंडारा-गडचिरोलीची झाडीबोली 'तिकडची'. आणि नागपूर शहरातही धरमपेठेच्या दिवाणखान्यातून सक्करदरा 'तिकडे' आहे. म्हणून ही संज्ञा तपासण्यासाठी सक्करदऱ्यासारखी जागा सोयीची ठरते. नागपूरच्या आग्नेय भागातील, उमरेड रस्त्यालगतची ही वस्ती. येथे नागपूरकर भोसल्यांचा वाडा आहे. ज्या घराण्याची सत्ता एके काळी कटकपर्यंत पोहोचली होती आणि ज्याचे राज्य डलहौसीने १८५४ मध्ये खालसा केले त्या घराण्याच्या वंशजांचा हा परिसर. याच वाड्यात ताजुद्दीनबाबांचे वास्तव्य होते. १९२५ मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर उमरेड रस्त्यावरच्या ताजबागेकडे जाणारी मराठी, हिंदी आणि उर्दू बोलणाऱ्या भाविकांची वाट सक्करदऱ्यावरूनच जाते. राज्य करणे आणि राज्य केले जाणे हे 'रीजन' शब्दातील दोन्ही अर्थ येथे एकाच मातीत वस्तीला आहेत. नागपूर १८६१ पासून मध्यप्रांताची राजधानी होते. १९५६ मध्ये ते द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि राजधानी राहिले नाही. विदर्भ हा साहित्यातील 'प्रदेश' म्हणून जो ठळक झाला तो याच सुमारास. 'धग' त्यानंतर चार वर्षांनी आली.

समजा, उद्या या वस्तीवर कादंबरी लिहिली गेली. २०११ च्या जनगणनेनुसार चोवीस लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरातील ती कादंबरी. तिच्यातील माणसे 'काहून' म्हणतील, 'मले' आणि 'तुले' म्हणतील, 'तो येऊन राहिला' असे म्हणतील, आणि वाक्याच्या मध्यावर हिंदीत शिरून पुन्हा मराठीत परततील. आपली समीक्षा या कादंबरीला कोणत्या फळीवर ठेवील? जयवंत दळवींची 'चक्र' (१९६३) मुंबईच्या झोपडपट्टीची, ती महानगरीय. भाऊ पाध्यांचे 'वासूनाका' (१९६५) मुंबईतल्या एका नाक्याचे, त्याहून स्थानिक पुस्तक कल्पिता येणे कठीण, तेही महानगरीय. सक्करदऱ्याची कादंबरी मात्र 'मले-तुले'मुळे प्रादेशिक ठरेल, याविषयी शंका बाळगण्याचे कारण नाही. म्हणजे निकष शहर-खेडे हा नाही, भूभागाचा तपशीलवार वापर हाही नाही. निकष एकच : पात्रांची बोली समीक्षकाच्या कानाला परकी लागते की नाही.

'येऊन राहिला' या रचनेवर हिंदीचा ठसा आहे म्हणून ती अशुद्ध, असा एक निर्णय शिक्षित वर्तुळांत ऐकू येतो. क्रियेचे चालूपण दाखवण्याची ती एक नियमबद्ध रचना आहे आणि लाखो माणसे ती चूक न करता वापरतात. याउलट 'त्यांच्याकडून असे प्रतिपादन केले गेले' यासारख्या वाक्यांवर इंग्रजी कर्मणी प्रयोगाचा ठसा आहे. पण त्यांना कोणी प्रादेशिक म्हणत नाही, विद्वत्तापूर्ण म्हणतो. शेजारच्या भाषेचा संस्कार दोष ठरतो आणि सत्तेच्या भाषेचा संस्कार शैली ठरतो. 'प्रादेशिक कादंबरी' हा पदबंध स्वतः या दुसऱ्या प्रकारच्या संस्काराचे अपत्य आहे.

५

आता मुख्य मुद्दा. ही संज्ञा केवळ अन्याय्य असती तर तिच्याविषयी तक्रार करून थांबता आले असते. ती समीक्षेच्या कामाला निरुपयोगी आहे, किंबहुना वाचनात अडथळा आणणारी आहे, हे अधिक गंभीर.

तीन कादंबऱ्या घेऊ. 'बनगरवाडी'चा निवेदक शाळामास्तर आहे. तो बाहेरून वाडीत येतो, वाडी पाहतो, तिच्यात गुंततो आणि निघून जातो. निर्देश करणारे बोट येथे कादंबरीच्या आतच आहे आणि त्या बोटाचा संकोच, त्याचे अपुरेपण हा कादंबरीचा विषय आहे. 'धग'मध्ये निवेदक तृतीयपुरुषी आहे. निवेदन प्रमाण मराठीच्या जवळचे आणि संवाद वऱ्हाडीत. कौतिकच्या संसाराची होरपळ ज्या भाषेत सांगितली जाते आणि कौतिक ज्या भाषेत बोलते त्या दोन भाषांमध्ये अंतर आहे. हे अंतर कोठे वाढते, कोठे मिटते, निवेदनात वऱ्हाडी शब्द कोठे झिरपतात, हा 'धग'च्या कोणत्याही गंभीर वाचनाचा कळीचा प्रश्न असला पाहिजे. आनंद यादवांच्या 'गोतावळा'मध्ये (१९७१) नारबा हा शेतगडी स्वतःच निवेदक आहे आणि सबंध कादंबरी त्याच्या बोलीत आहे. येथे बोट नाहीच. दाखवणारा आणि दाखवला जाणारा एकच.

या तीन भिन्न निवेदनव्यवस्था आहेत. कादंबरीच्या घडणीचा विचार करणाऱ्याला यांतील भेद हेच कामाचे द्रव्य. 'प्रादेशिक' ही संज्ञा हे तिन्ही भेद पुसते आणि त्याऐवजी माणदेश, वऱ्हाड, कोल्हापूर अशी भूगोलाची यादी हातात देते. त्यामुळे विद्यार्थी प्रदेशाची वैशिष्ट्ये लिहितो : पीकपाणी, सण, म्हणी, शिव्या, दागिने, रूढी. कादंबरी गॅझेटियरसारखी वाचली जाते. कौतिकच्या वाट्याला आलेल्या दारिद्र्याचा आणि तिच्या चिवटपणाचा विचार वऱ्हाडच्या लोकजीवनाचे दर्शन म्हणून होतो. हेच दुःख पुण्यातील एखाद्या नायिकेच्या वाट्याला आले असते तर तो मानवी अस्तित्वाचा प्रश्न ठरला असता.

या संज्ञेच्या भोवती कोणते शब्द गोळा होतात ते पाहिले तरी तिचे काम कळते. 'मातीचा सुगंध', 'अस्सल', 'रांगडी', 'ठसकेबाज' ही विशेषणे तिच्या सोबतीला ठरलेली. आणि स्तुतीचा कळस गाठताना येणारे वाक्य असे की, ही कादंबरी प्रादेशिकतेच्या मर्यादा ओलांडून वैश्विक होते, किंवा प्रादेशिक असूनही ती सर्वांची आहे. या 'असूनही'त सगळे आले. पुण्यात घडूनही वैश्विक, मध्यमवर्गीय असूनही सर्वांची, असे कोणी लिहीत नाही. म्हणजे एका बाजूच्या लेखकाला मुक्कामावरूनच सुरुवात करता येते आणि दुसऱ्याला आधी कुंपण बहाल केले जाते, मग ते ओलांडल्याबद्दल गुण दिले जातात. विल्यम फॉकनरच्या वाट्याला हेच आले. मिसिसिपीतील एका कल्पित परगण्यात त्याने आपले बहुतेक विश्व उभारले; कीर्ती झाल्यावर त्याच्या नावापुढची दक्षिणेची चिठ्ठी हळूहळू बारीक अक्षरात गेली. जी संज्ञा पुस्तक मोठे ठरताच गळून पडते ती वर्णन करणारी संज्ञा नसते; ती प्रतीक्षागृहाची पाटी असते.

ती कोणाला लावली जात नाही हेही पाहण्यासारखे आहे. शरच्चंद्र मुक्तिबोध नागपुरात राहिले. त्यांची 'क्षिप्रा' (१९५४) माळव्याची, महाराष्ट्राच्या सीमेबाहेरची. ती प्रादेशिक नव्हे, कारण तिचा नायक विचार करतो आणि तो प्रमाण भाषेत करतो. 'कोसला' (१९६३) खानदेशातील सांगवी आणि पुणे यांच्यामध्ये हेलकावते. तीही प्रादेशिक नव्हे, कारण तिच्यात पुणे आहे. महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'ची (१९८५) धरणगावची देशपांड्यांची कुटुंबकथा विदर्भाच्या खेड्यात पाय रोवून उभी आहे. पण 'प्रादेशिक नाटक' असा प्रकारच आपल्याकडे रुजला नाही, म्हणून ते नाटक सुटले आणि ऱ्हास, काळ, कुटुंब या प्रश्नांच्या अंगाने वाचले गेले. ग्रेस नागपूरचे, त्यांना प्रादेशिक कवी म्हणण्याची कल्पना हास्यास्पद वाटते. ती का हास्यास्पद वाटते याचा विचार केला की शेळक्यांच्या बाबतीत ती का वाटत नाही याचेही उत्तर मिळते.

६

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, काही कादंबऱ्यांत प्रदेश हा पार्श्वभूमी न राहता शक्ती बनतो, पात्रांची नियती घडवतो; हार्डीच्या 'द रिटर्न ऑफ द नेटिव्ह'मधील (१८७८) माळरान किंवा पेंडशांचे कोकण यांची ही भूमिका नाकारता येत नाही, तेव्हा अशा कादंबऱ्यांना नाव हवेच. हे मान्य. स्थळ जेथे कर्ता होते त्या रचनेला जरूर नाव द्यावे. पण मग ते नाव प्रामाणिकपणे सर्वांना लावावे. 'वासूनाका'त नाका कर्ता आहे, 'चक्र'मध्ये झोपडपट्टी कर्ती आहे. सदाशिव पेठेतल्या वाड्यांवर लिहिलेल्या कथा-कादंबऱ्यांत पेठ कर्ती आहे. 'सदाशिवपेठी' हा शब्द मराठीत आहे खरा, पण तो रागाने उच्चारला जातो, अभ्यासक्रमाच्या घटकात छापला जात नाही. जोवर 'पुण्याची प्रादेशिक कादंबरी' या विषयावर प्रबंध नोंदवला जात नाही तोवर ही संज्ञा शास्त्रीय असल्याचा दावा मागे ठेवावा.

दुसरा आक्षेप आमच्याच घरातला आहे आणि तो अधिक अवघड आहे. विदर्भात ही संज्ञा पुष्कळांनी आनंदाने मिरवली. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या विदर्भ साहित्य संघाने आणि त्याच्या 'युगवाणी'ने या भागातील लेखनासाठी जे केले त्याचे मोल कमी लेखण्याचा उद्देश नाही. परंतु 'वैदर्भीय कवी', 'वैदर्भीय कादंबरी' या जोड्या आपण स्वतःच इतक्या सढळपणे वापरल्या की हळूहळू त्या वाट्याच्या भाषेत रूपांतरित झाल्या. संकलनात दोन वैदर्भीय हवेत, परिसंवादात एक वैदर्भीय हवा. वाटा मागणे हे राजकारणात न्याय्य असेल. समीक्षेत वाटा मिळाला की वाचनाची जबाबदारी संपते. ज्या लेखकाला प्रदेशाच्या खात्यातून जागा मिळते त्याचे पुस्तक कोणी मराठी कादंबरीच्या मुख्य प्रश्नांशी भिडवून पाहत नाही. अभिमानाने घातलेले कडेही कडेच असते.

शिवाय, बोट आपल्या हाती आले की आपणही तेच करतो. नागपूरच्या व्यासपीठावरून झाडीबोलीचा उल्लेख ज्या कौतुकाच्या सुरात होतो तो सूर आपल्याविषयी पुण्यात निघतो तेव्हा आपल्याला झोंबतो. पूर्व विदर्भाच्या त्या बोलीत लिहिणाऱ्याला आपण 'अस्सल' म्हणतो आणि पुढच्या विषयाकडे वळतो. उतरंडीच्या मधल्या पायरीवर उभे राहून वरच्या पायरीची तक्रार करणे सोपे असते. खालच्या पायरीकडे आपण कसे पाहतो, यावर त्या तक्रारीचा नैतिक अधिकार ठरतो.

७

उपाय शब्दबदलाचा नाही. 'प्रादेशिक'च्या जागी 'स्थानीय' किंवा 'आंचलिक' आणले तर पाटी बदलेल, प्रतीक्षागृह तेच राहील. 'ग्रामीण' या संज्ञेने काही काळ हे काम केले आणि तिचेही कुंपण झाले. करावयाचे आहे ते वाचनाच्या पातळीवर.

पहिली गोष्ट, जो समीक्षक एखाद्या पुस्तकाला प्रादेशिक म्हणतो त्याने आपण कोठून बोलतो आहोत हे त्याच वाक्यात सांगावे. 'पुण्यातून पाहता धग ही वऱ्हाडची कादंबरी आहे' हे विधान खरे आहे आणि निरुपद्रवी आहे. 'पुण्यातून पाहता' हे दोन शब्द गाळले की ते खोटे होऊ लागते. दुसरी गोष्ट, पुस्तकाच्या शेवटी दिली जाणारी बोलीतील शब्दांची अर्थसूची कोणासाठी आहे, हा प्रश्न आपण विचारावा. उमरेड रस्त्यावरच्या वाचकाने पेठेतील कादंबरी सूचीविना वाचली, अनोळखी शब्द संदर्भाने लावून घेतले. तेवढे कष्ट उलट दिशेने घेण्यात कोणाची प्रतिष्ठा जाणार आहे? तिसरी गोष्ट, निवेदनाची भाषा आणि पात्रांची भाषा यांतील अंतर हा निकष गंभीरपणे घेतला तर कादंबऱ्यांची आजची मांडणी मोडेल आणि नवी होईल. तिच्यात 'गोतावळा' आणि 'वासूनाका' कदाचित शेजारी येतील, 'बनगरवाडी' एखाद्या परदेशप्रवासाच्या निवेदनाशेजारी जाईल आणि 'धग'ला शेजार शोधावा लागेल. असा शोध घेणे हे समीक्षेचे काम आहे.

पदव्युत्तर परीक्षेत 'प्रादेशिक कादंबरी म्हणून धगचे मूल्यमापन करा' या स्वरूपाचा प्रश्न आला की विद्यार्थ्याचे अर्धे उत्तर प्रश्नातच लिहून झालेले असते. त्याला वऱ्हाड आठवतो, कौतिक आठवत नाही. या विद्यार्थ्यांत सक्करदऱ्याचे, उमरेडचे, साकोलीचे विद्यार्थी असतात. आपल्या घरी बोलली जाणारी भाषा ही कोणत्या तरी दूरच्या वाचकासाठी 'चव' आहे, हे ते या उत्तरातून शिकतात आणि पुढे लिहू लागले तर तीच चव बेताने घालू लागतात. संवादात चिमूटभर, निवेदनात नाही. मराठी कादंबरीचे झालेले खरे नुकसान येथे आहे. ते कोणत्याही वाङ्मयेतिहासात नोंदले जाणार नाही, कारण ते न लिहिल्या गेलेल्या पानांचे आहे.

म्हणून प्रश्न असा विचारला जावा : 'धग'चा निवेदक कौतिकपासून किती अंतरावर उभा आहे, ते अंतर कोणत्या प्रसंगी त्याला सांभाळता येत नाही आणि तेव्हा त्याच्या भाषेचे काय होते? या प्रश्नाचे उत्तर लिहिण्यासाठी कादंबरी उघडावी लागते. वऱ्हाडचा नकाशा जवळ नसला तरी चालतो.